बापाच्या जागी माझं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तो नसण्याचाच मला पगार मिळत होता. एका मराठी सायंदैनिकात मी उपसंपादक होतो. बंद घरात पडणारे दगड, पिंपळाखालची बाई, मूर्तीच्या डोळ्यांतलं पाणी... असल्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या. मी बातमीदाराला एकच विचारायचो – तू स्वतः पाहिलंस? "नाही साहेब, शेजारचे म्हणतात," असं उत्तर आलं की बातमी टोपलीत. अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांनाही मी मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत आलो आहे. म्हणून माझ्यापुरतं आधीच स्पष्ट करतो. खाली आहे ते मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मुलुंड पूर्वेला चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. घरात आम्ही तिघं – मी, पत्नी निर्मला आणि मुलगी मनीषा, म्हणजे मनू. मनू तेव्हा चौथीत होती. तळमजल्यावर जिन्याखाली पंपाची खोली होती. तिच्यात पाण्याची मोटर, कुणीतरी टाकलेली गादी, मोडका पाळणा. तिला दार होतं, कडी होती, कुलूप नव्हतं.

सायंदैनिकाचं काम उजाडायच्या आत सुरू होतं आणि दुपारी संपतं. उरलेल्या वेळात मी भाषांतरं करायचो. त्यातलंच एक काम नाईकने आणलं.

नाईक माझ्या गावचा, मालवणकडचा. कांजूरमार्गला एका गाळ्यात त्याचा छापखाना होता. औषधांची लेबलं, लग्नपत्रिका आणि मुलांची स्वस्त पुस्तकं तो छापायचा. त्या काळी परदेशातून जहाजाने रद्दी यायची – न खपलेली मासिकं, पुस्तकं, लगदा करण्यासाठी वजनावर विकलेली. नाईक त्या ढिगात बसून चित्रांची पुस्तकं निवडायचा. इंग्रजी मजकूर पुसून त्यावर मराठी चढवायचा आणि छापायचा. परवानगी वगैरे भानगड नाही.

"खयची कंपनी कांजूरमार्गाक येतली रे आमका पकडूक?" असं तो म्हणायचा.

या वेळी त्याने माझ्यासमोर टाकलं ते जाड पुस्तक होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, चित्रं काळी-पांढरी.

"लढाईतली पोरां. हॉरर! झकास चालतला. चार भाग करू. पयलो भाग दिवाळीच्या सुटीआधी."

पुस्तकाचा विषय सांगणं भाग आहे. एक वेढा पडलेलं शहर. कुठलं ते लिहिलेलं नाही. बाँब पडून पोकळ झालेल्या इमारतीच्या तळघरात चार मुलं राहतात. तीन मुलगे, एक मुलगी. आईबाप मेलेले. अन्न संपलेलं. पुढची पानंच्या पानं ती काय खातात याची आहेत. आधी पुस्तकांच्या पाठी सोलून ती त्यांचा सरस उकळतात आणि चाटतात. मग मेणबत्त्या. मग बुटांचं चामडं. मग मांजर. चित्रकार हाताचा पक्का होता आणि त्याला दया नव्हती. मांजर सोलताना मुलीच्या नखांत अडकलेले केस त्याने एकेक काढले होते. कढईत फुगलेलं चामडं, त्यावरचा फेस, तो फेस बोटाने निपटणारं सर्वांत लहान पोर... मी जेवण झाल्यावर ते पुस्तक उघडत नसे. वर कमरेएवढ्या भिंती उरलेल्या मजल्यावर एक मुलगी राहते, तिच्या घरी अजून पाव आहे आणि तिचे गाल भरलेले आहेत. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर ही चौघं जिन्याच्या तळाशी उभी राहून तिला म्हणतात, खाली ये, खेळायला खाली ये. दुसऱ्या भागात ती खाली येते. तिचं काय होतं ते चित्रकाराने दोन पानं भरून दाखवलं आहे. मी ते इथे लिहिणार नाही.

हे मुलांना कशाला द्यायचं, असं मी नाईकला विचारलं. तो म्हणाला, "पोरांकाच आवडता रे असला." ते खरं होतं. काम घेतलं.

कामाची रीत अशी. मी मराठी मजकूर पट्ट्यांवर लिहून पुस्तकाच्या झेरॉक्सवर जागच्या जागी खळीने चिकटवायचो. मैद्याची खळ निर्मला एका वाटीत शिजवून द्यायची. ती पानं छापखान्यात गेली की उषा कांबळे मूळ पानांवरच्या संवादाच्या फुग्यांतलं इंग्रजी पांढऱ्या रंगाने पुसून त्यांत मराठी अक्षरं काढायच्या. उषाताई घाटकोपरहून यायच्या. अक्षर सुंदर, जीभ तिखट.

मुलांच्या पुस्तकांत परदेशी नावं ठेवायची नाहीत, ही मराठी रूपांतराची जुनी रीत. जॉनचा जनू होतो, मेरीची मीरा होते. इथे अडचण वेगळी होती. दुसऱ्याच पानावर रेशनच्या रांगेतला शिपाई मुलांना पूर्ण नाव विचारतो आणि चौघं आपापलं पूर्ण नाव सांगतात. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे मधे बापाचं नाव आलं, शेवटी आडनाव आलं.

एका रविवारी सकाळी मी टेबलावर तेच पान घेऊन बसलो होतो. मनू मागे उभी राहून बघत होती. तिला मी पहिली तीन पानंच दाखवली होती.

"हा दत्ता," ती मोठ्या मुलावर बोट ठेवून म्हणाली. "हा विजय. ही शशी. आणि हा बाळू."

"बाळू कशावरून?"

"शेंबूड बघा ना त्याचा."

"बरं. बाळू काय? बापाचं नाव काय लावू?"

"त्यांचे बाबा मेले ना?"

"मेले तरी नाव असतंच."

तिने विचार केला. "मग तुमचंच लावा. बाळू सदानंद परब."

निर्मला ओट्याशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "काहीतरीच काय गं? आपलं नाव असं कुणालाही लावतात का?"

"कुणालाही कुठे? त्यांना कोणीच नाहीये."

मला गंमत वाटली. शिवाय परब फुग्यात नीट बसत होतं. लांब आडनावं बसत नाहीत. दत्ता सदानंद परब, विजय सदानंद परब, शशिकला सदानंद परब, बाळू सदानंद परब. पट्ट्या चिकटवल्या. आठवड्यात पहिल्या भागाचा सगळा मजकूर नाईककडे दिला. उषाताईंनी पान बघितलं आणि विचारलं, "परबसाहेब, चार पोरं लपवून ठेवली होती की काय? वहिनींना माहीत आहे ना?"

"तिच्यासमोरच झाली," मी म्हणालो. छापखाना हसला.

त्यांनी अक्षरं काढायला सुरुवात केली, त्या सुमारास पहिला प्रकार झाला. नेमका दिवस मी तेव्हा टिपून ठेवला नाही, कारण तो टिपण्याजोगा नव्हता. खळीची वाटी रिकामी झाली. आदल्या दिवशी अर्धी भरलेली होती. झुरळं, असं मी म्हणालो. निर्मलाने वाटी उजेडात धरली.

"झुरळं वाटी चाटून पुसतात?"

वाटीच्या आतून जिभेचे पट्टे दिसत होते. रुंद, एकावर एक. वाटी ओली होती आणि तिला वास येत होता. तो वास मला नीट सांगायचा आहे, कारण पुढे तो घरातून गेलाच नाही. विझवलेल्या राखेत कच्चं मटण ठेवावं आणि त्यावर कुणीतरी बरेच दिवस न धुतलेलं तोंड टेकवून श्वास सोडावा, तसा.

मग मेणबत्त्या. वीज जायची म्हणून शिंक्याशेजारच्या खणात पुडकं असायचं. पुडक्याचा कागद तसाच होता. मेणबत्त्यांच्या नुसत्या वाती उरल्या होत्या, चोखून पांढऱ्या केलेल्या. एक अर्धवट होती. तिच्यावर दात होते. उंदराचे नव्हते. उंदराचे दात मी पाहिलेले आहेत, ते खरवडतात. हे चावे होते. अर्धगोल, माणसाचे, लहान जबड्याचे.

साहजिकच मी मनूला बोलावलं.

"तू खाल्लीस?"

"ई! मेण कोण खातं?"

मी तिच्या हातात दुसरी मेणबत्ती दिली आणि चावायला सांगितलं. ती रडवेली झाली, पण चावली. तिचा वरचा एक दात नुकताच पडला होता. तिच्या चाव्यात तिथे फट उठली. अर्धवट मेणबत्तीवरच्या चाव्यात फट नव्हती. नीट पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चावे एका मापाचे नव्हते. मोठा जबडा होता, मधले होते, आणि एक फार लहान होता.

"बिचारी पोर," निर्मला मला म्हणाली. "तुमचा आरोपी नाही ना सापडला?"

तिसरा प्रकार चपलेचा. माझी कोल्हापुरी दाराबाहेर असायची. पहाटे तळ होता, पट्टे नव्हते. तळाची कड दातांनी सोलून काढली होती आणि त्यावर लाळ अजून गार झालेली नव्हती. मी ती बोटाने तपासली, हे लिहायला नको होतं, पण तपासली. नंतर हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला, आणि कामावर जाताना हात नाकाजवळ नेला तर वास होताच.

त्या दिवशी डेस्कवर बसून मी क्रम मांडला. सरसाच्या जागी खळ, मग मेण, मग चामडं. पुस्तकाचा क्रम. घरात भात होता, आमटी होती, फडक्याखाली चपात्या होत्या, डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. कशालाही हात लागला नव्हता. पुस्तकातल्या मुलांनी चित्रात जे खाल्लं, तेवढंच आमच्याकडे खाल्लं जात होतं. आणि तेही उषाताईंनी ज्या पानावर मराठी अक्षरं काढली होती त्या पानापर्यंतच. हे मी त्यांना सहज विचारल्यासारखं करून पडताळून पाहिलं. चपलेच्या आदल्या दिवशी त्यांनी बुटांचं पान संपवलं होतं.

पुढचं पान मांजराचं होतं.

सोसायटीत एक करडी मांजरी होती. सगळ्यांच्या घरचं दूध प्यायची. ती पंपाच्या खोलीत सापडली. पंप चालू करायला गेलेले पाटकर, आमचे समोरचे शेजारी, ओकत बाहेर आले. मी आत जाऊन पाहिलं. कातडं सोलून बाजूला ठेवलेलं होतं, आतली बाजू वर. हाडं चोखलेली. डोकं तसंच होतं. पुस्तकातही डोकं ठेवलेलं आहे – बाळूला ते बघवत नाही म्हणून. गादीवर, पाळण्यावर, मोटरवर करडे केस चिकटले होते. कुणाच्या तरी पोटाला ते सोसलं नसावं, कारण कोपऱ्यात ओकारी होती आणि तीत मेणाचे पांढरे खडे होते. त्या ओकारीतून बोटं फिरवल्याच्या रेघा होत्या. काहीतरी वेचून पुन्हा खाल्लं होतं.

मी वर आलो आणि मोरीत ओकलो. मग निर्मलाला माझ्याकडे उरलेली पुस्तकाची कोरी झेरॉक्स दाखवली, पहिल्यांदाच, पूर्ण. तिने पानं उलटली. ती ओकली नाही.

"किती उपाशी आहेत हो," ती म्हणाली.

"निर्मला, हे घाणेरडं आहे. हे घरात येतंय."

"येणारच. नाव आपलं लावलंय. उपाशी पोर कुणाच्या दारात जाणार?"

मी म्हणालो, उद्याच नाव पुसून टाकायला सांगतो. दुसरं आडनाव घालू.

"कुणाचं? पाटकरांचं? त्यांच्या मांडीवर नातू आहे."

"मग कुणाचंच नको. नुसती नावं ठेवू."

"म्हणजे बिनबापाची पोरं दारोदार फिरतील. ती काय काय खातील ते तुम्ही आत्ताच बघून आलात."

पुस्तक जाळू, असंही मी म्हणालो. ती म्हणाली, जाळून त्यांची भूक जाणार आहे का? घर तर त्यांनी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चार ताटं वाढली. वरणभात, बटाट्याची भाजी, चपाती. पंपाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दारातून नावं घेतली – बाळू, शशी, विजय, दत्ता, जेवायला या रे. पाटकरवहिनी जिन्यात थांबल्या. "कोण आलंय गं?" "गावची पोरं," निर्मला म्हणाली. संध्याकाळी ताटं तशीच होती. वरणावर साय धरली होती. ताटांभोवतीची फरशी मात्र ओली होती. ताटांच्या अगदी जवळ बसून कुणाची तरी लाळ गळली होती, पण अन्नाला बोट लागलं नव्हतं.

"दिसतंय, पण खाता येत नाहीये," निर्मला म्हणाली आणि फरशी पुसायला बसली.

मी पहिल्या भागाची पानं मोजत होतो. मांजराच्या पुढे शेवटचं पान होतं. जिना, तळाशी चौघं, वर भरल्या गालांची मुलगी.

मनूला आम्ही काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, मी खाली खेळायला जाऊ? ते बोलावतायत."

"कोण?"

"पंपाच्या इथे. खाली ये, खाली ये म्हणतात. आवाज लहानच आहे."

निर्मलाने दार लावून कडी घातली. मी घाईने पायऱ्या उतरलो, रस्त्यावर रिक्षा धरली आणि कांजूरला गेलो. उतरताना मी पंपाच्या खोलीचं दार पाहिलं. ते उघडं होतं. आत वाकून पाहिलं नाही.

उषाताई डबा खात होत्या.

"शेवटचं पान?"

"झालं की कालच. का हो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बातमी सांगतात तसं, क्रमाने. त्या जेवत राहिल्या. शेवटी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरात देव्हारासुद्धा नाही. तुमची झोप झालेली नाही."

"मान्य. तरी एक काम करा. हे पान बदला."

"अक्षरं?"

"अक्षरं आणि चित्र. दोन्ही. ती वरची मुलगी काढून टाका. तिथे बंद दार करा. आणि खाली पोरांपुढे ताटं काढा. भरलेली."

"मी अक्षरं काढणारी आहे, परबसाहेब. ताटं कसली काढायची?"

"वरणभात, बटाट्याची भाजी, चपाती." मग मला सुचलं म्हणून म्हणालो, "आणि ती खाताना दिसू देत. ताटापुढे बसलेली नकोत. खाताना पाहिजेत. घास तोंडात."

त्यांनी डबा बाजूला सारला. मग उठून पांढऱ्या रंगाची बाटली घेतली. नाईक बाहेरगावी वसुलीला गेला होता, हे नशीब. जिना पांढरा झाला. मुलगी पांढरी झाली. रंग वाळायला वेळ लागत होता. त्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी नाक्यावर जाऊन पाटकरांकडे फोन लावला आणि निर्मलाला बोलावून घेतलं.

"ताटं वाढ. आत्ता."

"वाढलीच आहेत," ती म्हणाली. येताना तिने मनूला घरात ठेवून बाहेरून कडी घातली होती, तिकडे वळून बघितलं असावं. मग म्हणाली, "मनू कुठेय? अहो, मनू इथे नाहीये. कडी निघालीय." फोन तसाच लोंबकळत राहिला असावा, मला तिच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज ऐकू येत होता.

मी परत गाळ्यात धावलो. उषाताईंनी वर बंद दार आणि खाली चार ताटं काढली होती. भाताच्या मुदी, वरणाचा ओघळ, चपातीवरचे डागसुद्धा. चौघांचे हात ताटात आणि तोंडं भरलेली. बाळूच्या गालाला शीत चिकटलेलं. मुलांची जुनी चित्रं न पुसता त्यांनी हात आणि तोंडं तेवढी बदलली होती, आणि ती बरोबर होती. "खाली ये"च्या फुग्यावर त्यांनी पांढरा रंग मारला होता. ब्रश थांबवून त्यांनी विचारलं, "इथे काय लिहू?"

"आई, वाढ."

त्यांनी लिहिलं. 'वाढ'चा काना वाकडा आला.

त्यापुढचं मी मुलुंडला पोहोचल्यावर पाहिलं. संध्याकाळ व्हायची होती, जिन्यात ऊन होतं. पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यात निर्मला पाटावर बसली होती, हातात भातवाढी, शेजारी कुकर. आत ऊन दाराएवढंच जात होतं. त्या उन्हात चार ताटं होती आणि ताटांपलीकडे, मोडक्या पाळण्याला टेकून, मनू बसली होती. ठीक होती. हलत नव्हती.

ताटांपुढे कुणी दिसत नव्हतं. ताटातला भात मात्र बोटांनी ओढला जात होता. चार-पाच बोटांच्या चऱ्या पडत, मुदी ढासळत, वरण कडेवरून सांडे आणि सांडलेलं फरशीवरून चाटलं जाई. आवाज होता. मचमच, नाकातून श्वास, घास गिळताना अडकल्याचा घर्र, दात ताटाला लागल्याची किरकिर. वास असा, की मी उंबऱ्याबाहेर भिंतीला धरून उभा राहिलो. एका ताटात एकदम ओकारी झाली – पिवळट, मेणाच्या खड्यांची, करड्या केसांच्या गुंत्याची – आणि त्याच ताटातून तोच भात पुन्हा उचलला जाऊ लागला. आयुष्यात मी अपघात पाहिले आहेत, दंगल पाहिली आहे, फुगून वर आलेलं प्रेत पाहिलं आहे. एवढी किळस मला कशाचीच आली नव्हती.

निर्मलाने ते ताट ओढून घेतलं. हाताने निपटून साफ केलं, पदराला पुसलं आणि पुन्हा भात वाढला.

"हळू," ती म्हणाली. "हळू खा रे बाळू. कुणी घेत नाहीये तुझं."

कुकर संपला. भांडं खरवडून तिने शितं वाढली. मग आवाज थांबले. मग एका ताटाशी ढेकर आली, लहान मुलाची. तेवढंच.

मी आत गेलो नाही. निर्मला गेली आणि मनूला उचलून घेऊन आली.

त्यानंतर तसं काही घडलं नाही. मेणबत्त्या खणात राहिल्या, चपला दारात राहिल्या. नाईक परत आला आणि पान बघून त्याने मला छापखान्यातच झाडलं – "ह्या काय केलंस रे? मी हॉरर मागितलंय, तू पंगत वाढलंस!" पुस्तक निघालं नाही. पुढचे भाग मी केले नाहीत. उषाताईंशी त्या दिवसाचा विषय निघाला की त्या म्हणतात, तुमच्या समाधानासाठी केलं. मनूला आज विचारलं तर तिला पंपाच्या खोलीतला अंधार आठवतो आणि "कुणीतरी हात धरला होता" एवढं आठवतं.

हाताचं सांगायचं राहिलं. मनूच्या उजव्या दंडावर चावा होता. कातडी फुटलेली नव्हती. दात टेकवले होते, टेकवून ठेवले होते, मग काढून घेतले होते. खळगे ओले होते. मी रुमालाने ते पुसले आणि रुमाल कचऱ्यात टाकला. निर्मलाने तो काढला आणि धुवायला घेतला.

धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं म्हणून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती, आम्हाला न ओळखणारी. तिने दंड दिव्याखाली धरला.

"लहान मुलाचा चावा आहे. दुधाचे दात. चार-पाच वर्षांचा असेल. जोर लावलेला नाही, त्यामुळे काळजी नको." तिने सुई भरता भरता विचारलं, "धाकटा भाऊ का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"हो," निर्मला म्हणाली. "सगळ्यात धाकटा. भूक लागली होती त्याला."

डॉक्टरीण हसली आणि सुई टोचली. मनू रडली नाही.

उंदीर, भास, मनूचा खोडसाळपणा, माझी अपुरी झोप – सगळ्या शक्यता मी नंतर एकेक करून तपासल्या. एकही पुरी पडली नाही. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. निर्मलाने ते कधी मागितलं नाही.